जुन्या गाडीच्या इंजिनातून विचित्र आवाज येतोय? इंजिन उघडायच्या आधी हे क्रमाने बघा

जुन्या गाड्यांची कामं करताना एक तक्रार कायम येते, "इंजिनातून आवाज येतोय, आता मोठं काम निघणार का?" आणि प्रत्येक वेळी सांगावं लागतं की थांबा, आधी नीट ऐकू. कारण इंजिनाचा आवाज म्हणून आलेल्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा इंजिन आतून ठणठणीत असतं, आवाज करत असतं ते इंजिनाला बाहेरून जोडलेलं काहीतरी, एखादा पत्रा, बेल्ट, पुली, अल्टरनेटर नाहीतर एक्झॉस्टचा जोड. आतलं दुखणं असलेल्या गाड्या कमी असतात पण त्यात दोन दिवस जरी गाडी तशीच पळवली तरी बेअरिंगचं काम क्रँकवर (पिस्टनच्या ताकदीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) जातं आणि क्रँकचं अख्ख्या इंजिनावर. म्हणून खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने करा. आधी फुकटचं, मग स्वस्तातलं, मग अवघड, आणि जिथे थांबा म्हटलंय तिथे खरंच थांबा.

आधी लक्षणं

आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो हे जास्त महत्त्वाचं आहे. आवाजाचं वर्णन प्रत्येकजण वेगळं करतो, एकाची खडखड म्हणजे दुसऱ्याची ठकठक, पण "सकाळी गार असताना येतो आणि गरम झाली की जातो" हे सगळ्यांचं सारखंच असतं. तरी साधारण प्रकार हे:

- इंजिनाच्या वरच्या बाजूने हलकी टिकटिक, रेस वाढवली की तीही भरभर होते: ऑइल कमी, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा छोटा भाग), एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप) लीक, कधी ढिला स्पार्क प्लग.
- चीं चीं किंवा कुई कुई, सकाळी किंवा पावसात जास्त, एसी लावला की वाढते: बेल्ट किंवा त्याचा टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारा भाग.
- सलग घरघर, रेसबरोबर सूर चढत जातो: कुठलं तरी बेअरिंग, म्हणजे आयडलर पुली, अल्टरनेटर, वॉटर पंप.
- पत्र्याची झिणझिण, एका ठराविक रेसलाच येते, त्याच्या खाली वर गायब: हीट शील्ड (एक्झॉस्टची उष्णता अडवणारा पत्रा), सायलेन्सर, एखादा क्लॅम्प.
- स्टार्ट केल्या केल्या एक दोन सेकंद खर्रर्र आणि मग शांत: टायमिंग चेन (क्रँकवरून व्हॉल्व्हची यंत्रणा फिरवणारी साखळी) किंवा तिचा टेन्शनर, कधी नुसता ऑइल फिल्टर.
- चढावर मोठ्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर दाबला की डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज: नॉकिंग, म्हणजे पेट्रोल चुकीच्या पद्धतीने पेटतंय.
- गार असताना पोकळ ठकठक, काही मिनिटांत कमी: पिस्टन आणि बोअरमधली (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक) जागा वाढलीय.
- खालून जड, घट्ट ठक ठक, गरम झाल्यावर वाढते, लोड दिला की अजून वाढते: कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) बेअरिंग. हे असेल तर पुढचं सगळं सोडा आणि सरळ "कधी थांबायचं" तिथे जा.
- फुस्स असा हवेचा आवाज आणि स्लो वर, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता, गाडी थरथरते: व्हॅक्यूमचा पाइप फाटलाय किंवा निघालाय.

काही आवाज हे आवाजच नसतात. इंजेक्टरची बारीक टिकटिक नॉर्मल आहे, डिझेल गाडी गार असताना खडखडते तेही नॉर्मल. बॉनेट उघडं ठेवून पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला सगळंच बिघडलेलं वाटतं. बघायचं ते इतकंच की जो आवाज आधी नव्हता तो आता आहे का.

आता मोबाईल काढा आणि रेकॉर्ड करा. गार स्टार्ट, स्लो वर एक मिनिट, मग हळूहळू रेस वाढवत २५०० पर्यंत (म्हणजे मिनिटाला २५०० फेऱ्या), मग सोडून द्या. परत हेच गरम झाल्यावर. याचं कारण असं की उद्या गाडी मेकॅनिककडे नेली की नेमका तेव्हा आवाज येत नाही, हे सगळ्यांच्या बाबतीत होतं, आणि रेकॉर्डिंग नसेल तर तो अंदाजाने पार्ट बदलायला सुरुवात करतो.

एक गोष्ट ऐकताना लक्षात ठेवा, कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. स्लो ८०० ला असेल तर क्रँक सेकंदाला साधारण १३ फेऱ्या मारतो आणि कॅम ६ ते ७. म्हणून टॅपेटची टिकटिक तुलनेने सावकाश वाटते आणि खालची ठकठक दुप्पट घाईची. मोजता नाही येणार, पण रेकॉर्डिंग दोन तीनदा शांतपणे ऐकलं की फरक कानाला कळायला लागतो.

१. ऑइलची पट्टी

हसू नका, इथेच बऱ्याच गाड्यांचा प्रश्न सुटतो. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून पाच दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं, पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण १ लिटरचा फरक असतो, म्हणजे पट्टीला टोकाला ऑइल लागलेलं दिसलं तर लिटरभर तरी कमी आहे.

याने आवाज का येतो तर ऑइल नुसतं वंगण नाही. हायड्रॉलिक टॅपेट ऑइलच्या दाबानेच ताठ राहतात, टायमिंग चेनचा टेन्शनरही बऱ्याच इंजिनांत त्याच दाबावर चालतो. ऑइल कमी झालं की वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर पंप हवा ओढतो, ती हवा टॅपेटमध्ये जाते आणि टिकटिक चालू. उलट बाजूही आहे, वरच्या खुणेच्या बरंच वर ऑइल भरलं तर क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेसातही हवाच असते, म्हणजे जास्त भरूनही तीच टिकटिक येते. सर्व्हिसनंतर लगेच आवाज सुरू झाला असेल तर हे आधी बघा.

पट्टीवरचं ऑइल बोटावर घेऊन उजेडात बघा. काळं असेल तर चालतं, ऑइल काळं होतंच. पण दुधाळ चहाच्या रंगाचं असेल तर कूलंट मिसळलंय, गाडी चालवायची नाही. नुसत्या ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस असेल आणि गाडी रोज जवळच्या जवळच फिरत असेल तर तो बऱ्याचदा दमटपणाचा असतो, त्यावरून लगेच हेड गास्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) सील, गेलं असं समजू नका, पट्टी काय सांगते ते बघा. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर ऑइल पातळ झालंय. आणि बोटावर चमचम दिसली, बारीक धातूची कणी, तर तिथेच थांबा.

ऑइल कमी निघालं तर मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच थोडा थोडा करत भरा, पाच मिनिटं चालवून ऐका. आवाज गेला तर छान, पण काम संपलं नाही, ऑइल गेलं कुठे हे शोधायचं आहे. खाली पुठ्ठा टाकून रात्रभर गाडी उभी करा म्हणजे गळती कळेल, आणि सकाळी स्टार्ट करताना मागे निळसर धूर येतो का बघा. पुढचे काही आठवडे दर आठवड्याला पट्टी बघून मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

फिल्टरबद्दल एक. गार स्टार्टला दोन सेकंद खर्रर्र येत असेल आणि मागच्या सर्व्हिसला स्वस्तातला फिल्टर बसवला असेल तर आधी चांगला फिल्टर बसवून बघा. बऱ्याच फिल्टरमध्ये आत एक रबरी व्हॉल्व्ह असतो जो गाडी बंद असताना ऑइल मागे वाहून जाऊ देत नाही. तो कडक झाला किंवा नीट बसला नाही की रात्रभरात वरचं ऑइल उतरून जातं आणि सकाळी पहिले दोन सेकंद चेन कोरडी वाजते. एका फिल्टरमध्ये हा आवाज गेलेल्या गाड्या मी बघितल्यात, त्याच गाड्यांना चेन किट बदला असं सांगितलेलं होतं.

२. हलणारं, लटकणारं, सैल झालेलं

इंजिन पूर्ण गार असताना हे करा, एक्झॉस्टजवळ हात घालायचा आहे. जुन्या गाडीत हीट शील्डचा पत्रा नेहमी बोल्टच्या भोकापाशी सडतो. बोल्ट तिथेच घट्ट असतो, वरून बघितलं तर सगळं जागेवर दिसतं, पण बोल्टच्या डोक्याभोवतीचं भोक गंजून मोठं झालेलं असतं आणि पत्रा त्यात मोकळा थरथरतो. म्हणून नुसतं बघू नका, पत्रा बोटाने दाबा, ओढा, मुठीने हलकं ठोका. झिणझिण आली की सापडलं. उपाय साधा आहे, बोल्टखाली मोठा वॉशर टाका, नाहीतर स्टीलची लांब क्लिप पत्र्याभोवती आवळून टाका. पत्रा काढून फेकून देऊ नका, बरेच जण तेच करतात, पण तो तिथे फ्लोअरला, वायरिंगला आणि पेट्रोलच्या पाइपला उष्णतेपासून वाचवायला लावलेला असतो.

ठराविक रेसलाच आवाज येतो तो याच कारणाने, प्रत्येक पत्र्याचा थरथरायचा एक वेग असतो आणि इंजिन त्या वेगावर आलं की तो वाजतो. आतला बिघाड सहसा असा वागत नाही, तो रेसबरोबर वाढत जातो.

मग सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर मुठीने ठोका. कन्व्हर्टरच्या आतून काहीतरी सुटं हललं तर आतली जाळी तुटलीय, ती पुढे सरकून एक्झॉस्ट अडवते आणि गाडीचा पिकअप जातो, ते काम ढकलू नका. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा, बॅटरीचा क्लॅम्प, इंजिनावरचं प्लास्टिकचं कव्हर, बॉनेटची काठी हे पाच मिनिटांत हाताने हलवून होतं.

३. ड्रायव्हरच्या सीटवर बसूनच होणाऱ्या चाचण्या

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, स्लो वर चालू. आता एकेक वस्तू चालू बंद करा आणि आवाज बदलतो का ऐका, कारण प्रत्येक वस्तू एकेका पार्टवर लोड टाकते. एसी चालू केला की कॉम्प्रेसर. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की पॉवर स्टीअरिंगचा पंप, अर्थात हायड्रॉलिक असेल तर. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं एकदम लावलं की अल्टरनेटर.

मग क्लच. हे फार सोपं आहे तरी लोक विसरतात. क्लच पूर्ण दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. उलट न्यूट्रलला आवाज येतोय आणि क्लच दाबला की जातोय तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दोन्हीतही इंजिनाचा काही संबंध नाही, पण आवाज पुढूनच येतो म्हणून इंजिनावर जातो.

गिअर टाकताना किंवा ॲक्सिलेटर एकदम सोडल्यावर एकच ठोका बसत असेल तर इंजिन माउंटिंग बघा, रबर फाटलेलं किंवा बसलेलं असतं.

४. बेल्ट आणि पाण्याचा फवारा

चीं चीं असेल तर साध्या पाण्याची फवारणीची बाटली घ्या. इंजिन चालू, तुम्ही बाजूला, बाह्या वर, गळ्यात ओढणी, मफलर, आयडीचा पट्टा काही नाही, केस बांधलेले. लांबून बेल्टच्या रेघांच्या बाजूवर थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर बंद होऊन परत आला तर पुली एका रेषेत नाहीत, कुठलीतरी वाकडी किंवा तिचं बेअरिंग झिजून कललेली आहे. पाणी मारल्यावर आवाज उलट वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे तो सैल आहे किंवा टेन्शनरचा स्प्रिंग थकलाय. या एका चाचणीने नवा बेल्ट टाकूनही चीं चीं तशीच राहणं टळतं, कारण पुली वाकडी असेल तर नवा बेल्टही महिन्याभरात ओरडायला लागतो.

बेल्टवर ऑइल किंवा कूलंट गळत असेल तर आधी गळती बंद करा, मग बेल्ट. आणि बेल्टला तडे नाहीत म्हणजे तो चांगला असं आता म्हणता येत नाही, नव्या प्रकारच्या रबराचे बेल्ट तडकत नाहीत, ते टायरसारखे झिजतात आणि रेघा खोल होत जातात, त्यामुळे बेल्ट पुलीत तळाला टेकून घसरतो. बेल्टवर मारायचे स्प्रे वापरू नका, आवाज दोन दिवस दबतो आणि मग त्या चिकटपणावर धूळ बसून आणखी बिघडतं.

५. बेल्ट काढून ऐकणं

मला कोणी एकच चाचणी निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. इंजिन उघडायच्या गोष्टी सुरू होण्याआधी ही झालीच पाहिजे. इंजिन गार हवं. बेल्टचा रस्ता कसा आहे त्याचा फोटो काढून ठेवा, परत बसवताना डोकं चालत नाही. टेन्शनर पान्याने फिरवून बेल्ट काढा, तो कुठेच अडकणार नाही असा पूर्ण बाहेर घ्या, आणि इंजिन स्टार्ट करा. अर्धा मिनिट पुरे, त्याहून जास्त नाही, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप याच बेल्टवर असतो आणि पाणी फिरणं बंद असतं. बॅटरीचा दिवा लागेल, लागू द्या. या वेळात गाडी हलवायची नाही, स्टीअरिंग जड होतं आणि काही डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंपही अल्टरनेटरवरच असतो.

आवाज गेला? मग तो इंजिनाच्या आतला नाही, हे आता पक्कं. इंजिन बंद करा, चावी काढा आणि एकेक पुली हाताने फिरवा. चांगलं बेअरिंग गुळगुळीत फिरतं आणि ग्रीसमुळे जरा दाबून फिरतं. खराब बेअरिंग बोटांना खरखर देतं, किंवा फार मोकळं, गर्रकन सुटतं कारण आतलं ग्रीस संपलेलं असतं. पुली पुढे मागे हलवून बघा, खेळ जाणवायला नको. वॉटर पंपच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत ओघळ दिसला तर सील गेलंय आणि बेअरिंग त्याच्या मागोमाग जाणार.

याच वेळी क्रँकची पुली टॉर्च मारून बघा. तिच्यात बाहेरचं कडं आणि मधला भाग यांच्यामध्ये रबराचा थर असतो. जुन्या गाडीत ते रबर कडक होऊन तुटतं, बाहेरचं कडं डुगडुगायला लागतं आणि आवाज अगदी खालच्या बेअरिंगसारखा ठक ठक येतो. इंजिन उघडायला निघालेल्या गाडीत शेवटी ही पुली निघाली असं मी बघितलंय. इंजिन चालू असताना लांबून समोरून बघितली तर कडं लचकताना दिसतं. आणि हे अर्धवट सोडायचं नाही, रबर पूर्ण सुटलं तर बेल्टसकट सगळं बाहेर येतं.

बेल्ट काढूनही आवाज तसाच असेल तर पुढे जा. फक्त लक्षात ठेवा, काही इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर असतो, तो या चाचणीत सुटत नाही.

६. काठी कानाला लावून ऐकणं

मेकॅनिकचा स्टेथोस्कोप असेल तर उत्तम, नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा लाकडी दांडकं. टोक इंजिनाच्या न फिरणाऱ्या भागावर टेकवा, दुसरं टोक कानामागच्या हाडाला. अल्टरनेटरची बॉडी, वॉटर पंपची बॉडी, हेडवरचं कव्हर, टायमिंगचं कव्हर, खाली ऑइल सम्प (ऑइल साठवणारा तळाचा डबा) असं क्रमाने फिरा. आवाज जिथे सगळ्यात स्पष्ट आणि कोरडा ऐकू येतो ती जागा. धातूतून आवाज पसरतो म्हणून एकाच जागी ऐकून निर्णय घेऊ नका, शेजारच्या दोन तीन जागांशी तुलना करा.

रेडिएटरच्या फॅनपासून लांब राहा. इलेक्ट्रिक फॅन असेल तर तो कधीही अचानक सुरू होतो, काही गाड्यांत चावी काढल्यावरही. आणि बंद गॅरेजमध्ये, शटर खाली ओढून इंजिन चालू ठेवून ऐकत बसू नका. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रंगही नसतो, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. उघड्यावरच करा.

७. एक्झॉस्टचं लीक

ही टिकटिक टॅपेटसारखीच ऐकू येते आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. फरक असा की गार असताना जोरात येते, गाडी गरम झाली की धातू फुगून फट बुजते आणि आवाज कमी होतो. ॲक्सिलेटर दाबला, लोड आला की वाढते. टॉर्च घेऊन मॅनिफोल्ड जिथे हेडला बसतो तिथली कड नीट बघा, गॅस जिथून निघतो तिथे काजळीचा काळा पट्टा पंख्यासारखा पसरलेला दिसतो, बहुतेक पहिल्या किंवा शेवटच्या सिलिंडरपाशी, कारण टोकाचे स्टड आधी तुटतात. नट मोजा, एखादा नुसता गायबच असतो.

नट सैल असेल तर गार इंजिनावर हलक्या हाताने आवळा. स्टड गंजलेला असेल आणि फिरत नसेल तर जोर लावू नका, तो हेडमध्ये तुटला की ते काम वर्कशॉपचं होतं. लीक केबिनच्या जवळ असेल तर काचा खाली ठेवा आणि लवकर करून घ्या, तो गॅस ब्लोअरमधून आत येतो.

फुट् फुट् असा आवाज आणि स्पार्क प्लगच्या बुडाशी काळा डाग असेल तर प्लग ढिला आहे, गार इंजिनावर मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये जास्त आवळला की आटे जातात.

८. नॉकिंग

हा आवाज उभ्या गाडीत येत नाही, चालवूनच बघावा लागतो. चढावर, मोठ्या गिअरमध्ये, कमी रेसवर ॲक्सिलेटर दाबा. येत असेल तर लहान गिअर टाका, लगेच थांबतो का बघा. आधी सवय तपासा, चाळीसच्या वेगाला टॉप गिअर टाकून चढ चढवत असाल तर इंजिनाचं काही चुकत नाहीये. मग पेट्रोल, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ऑक्टेनपेक्षा कमी भरलं जातंय का. मग टेंपरेचर, गाडी जास्त गरम होत असेल तर नॉकिंग वाढतं. मग प्लगचं टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, जिथे डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) आहे तिथे हे बघता येतं. जुन्या इंजिनात पिस्टनवर कार्बन साठला की दाब वाढतो आणि तेही कारण असतं. अधूनमधून येणारं हलकं नॉकिंग लगेच काही मोडत नाही, पण सतत जोरात येत राहिलं तर पिस्टन फुटतो.

९. एकेक सिलिंडर बंद करून ऐकणं, फक्त पेट्रोल गाडीत आणि येत असेल तरच

इंजिन स्लो वर चालू ठेवून एका वेळी एका इंजेक्टरचा कनेक्टर काढा, ऐका, परत लावा, मग पुढचा. ज्या सिलिंडरचा काढल्यावर ठकठक स्पष्ट कमी होते, त्या सिलिंडरच्या रॉडचं किंवा पिस्टनचं दुखणं आहे, कारण स्फोट बंद झाला की त्या बेअरिंगवरचा मार बंद होतो. टॅपेटच्या आवाजात असा काही फरक पडत नाही. चेक इंजिनचा दिवा लागेल, नंतर कोड काढून टाकता येतो. प्लगची वायर ओढून ही चाचणी करू नका, शॉक बसतो आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

कॉमन रेल डिझेलला हात लावू नका. तिथे पाइपमध्ये डिझेलचा दाब १००० बारच्या वर जातो, नट ढिला केला आणि बारीक फवारा हातावर आला तर तो कातडीतून आत घुसतो. जखम टोचल्याएवढी दिसते पण ती तातडीने हॉस्पिटलला जायची गोष्ट आहे. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांवर नट ढिला करून बघायची सवय असलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवा.

कधी थांबायचं

यातलं काहीही असेल तर इंजिन बंद करा आणि गाडी टो करून न्या, "हळूहळू नेतो" नको:

- ऑइलचा लाल दिवा लागला. तो दिवा ऑइलच्या पातळीचा नाही, दाबाचा आहे, म्हणजे पट्टीवर ऑइल पुरेसं दिसलं तरी बेअरिंगपर्यंत पोचत नसेल.
- खालून जड ठक ठक, गरम झाल्यावर वाढणारी.
- ऑइलमध्ये चमचम किंवा दुधाळ रंग.
- आवाजाबरोबर टेंपरेचर चढतंय, किंवा पिकअप एकदम गेला.
- टायमिंगच्या कव्हरमधून घासल्याचा किंवा फटफट आवाज. बेल्ट किंवा चेन तुटली की अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि हेडचं काम निघतं. टायमिंग बेल्ट कधी बदललाय हे माहीत नसेल, जुनी गाडी दुसऱ्याकडून घेतली असेल, तर तो बदलायचाच आहे असं धरा, किलोमीटर कमी असले तरी रबराला वर्षांची मुदत असते.
- पेट्रोल डिझेलचा वास किंवा गळती.

मेकॅनिकने इथून पुढे काय करायला हवं तेही माहीत असू द्या. सगळ्यात आधी गरम इंजिनावर खरा गेज लावून ऑइलचा दाब मोजणं. ढोबळ हिशोब दर १००० रेसमागे १० पीएसआय असा धरतात, पण त्या इंजिनाचा मॅन्युअलमधला आकडा तोच खरा. मग ऑइल काढून जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघणं. चुंबकाला चिकटणारी कणी लोखंडाची, न चिकटणारी चकचकीत कणी बहुधा बेअरिंगची. त्यानंतर गरज असेल तर टॅपेटचा गॅप आणि सम्प उतरवून खालची बेअरिंग बघणं. दाब न मोजता, सम्प न उतरवता कोणी थेट "इंजिन करावं लागेल" म्हणालं तर दुसऱ्याला दाखवा. बेअरिंग वेळेत पकडलं आणि क्रँकला ओरखडे नसतील तर काही गाड्यांत नुसती बेअरिंग बदलून भागतं.

आणि आवाज दाबायला जाड ऑइल किंवा बाटलीतलं औषध टाकून घेऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी. खालची ठकठक आठवडाभर मऊ होते, तुम्हाला वाटतं बरं झालं, आणि तेवढ्या आठवड्यात क्रँक खाल्ला जातो. जुनी गाडी विकत घेताना इंजिन संशय येईल इतकं शांत आणि ऑइल मधासारखं जाड वाटलं तर गार स्टार्ट ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.

गाडी देताना कागदावर चार ओळी लिहून द्या: गार की गरम, कुठल्या रेसला, कशाने वाढतो, कशाने जातो, आणि बेल्ट काढून ऐकलं तेव्हा काय झालं. रेकॉर्डिंग पाठवा. बदललेला जुना पार्ट परत मागा आणि स्वतः हाताने फिरवून, हलवून बघा. त्यात खराबी जाणवत नसेल आणि आठ दिवसांनी आवाज परत आला तर त्याच कागदावरून पुढची तपासणी सुरू करायला सांगा, पहिल्यापासून नाही.